डाव्या कानामागची बट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे संचालक महोदय, व्यासपीठावर बसलेले आमचे मोठे डॉक्टर, त्यांच्या शेजारी खास बाहेरगावाहून आलेल्या प्रमुख पाहुण्या, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण सगळे कामं टाकून इथं जमलो त्या आमच्या टोपीवाल्या बाई, बाईंचे यजमान, समोर बसलेली डॉक्टर आणि विद्यार्थी मंडळी, कचेरीतली मंडळी, टोपी घालून झालेली आणि अजून घालायची राहिलेली मंडळी, त्यांचे आईवडील, तसेच तिसऱ्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर, मधूनच सटकायला सोपं पडावं म्हणून बसलेले माझे दाजी आणि त्यांना सटकू द्यायचं नाही म्हणून त्यांच्या पलीकडे बसलेली माझी ताई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

एवढ्यातच मला दम लागला. पण एकाही माणसाला सोडलेलं नाही, हे अध्यक्षांनी लक्षात घ्यावं.

मला पाच मिनिटं दिली आहेत. संचालकसाहेबांनी सकाळी जिन्यात गाठून सांगितलं, पाच म्हणजे पाच. माझ्या हातात नऊ कागद आहेत. साहेब, घाबरू नका, अक्षर मोठं आहे. शाळा सातवीत सुटली, तेव्हा अक्षराची जी वाढ थांबली ती थांबलीच. शिवाय मला एका जागी फार वेळ उभं राहवत नाही, त्यामुळे भाषण लांबलं तरी ते इकडून तिकडे फिरत लांबेल, तुम्हाला कंटाळा येणार नाही.

आता मी कोण, हा प्रश्न प्रमुख पाहुण्यांना पडला असेल. मी या संस्थेत केस धुतो. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत केस धुणारा माणूस कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. तुम्हाला विज्ञान माहीत आहेच, व्यासपीठावरच्यांना तर माझ्यापेक्षा जास्तच असणार, पण आमच्या दाजींना काहीच माहीत नाही. गेले सोळा महिने ते मला विचारतायत, "तिथं तू करतोस तरी काय?" तर आज हा योग आलाच आहे, तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीनं दोन मिनिटं मी फक्त दाजींशी बोलतो. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल.

दाजी, तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. दार एवढं जाड की ते ढकलायला खांदा लावावा लागतो. आत भिंतींना स्पंज. आत गेलं की स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकू येते. तिथं माणसाला खुर्चीवर बसवतात आणि डोक्यावर एक कापडी टोपी चढवतात. टोपीला चौसष्ट भोकं, प्रत्येक भोकात एक बटण, आणि बटण कातडीला नीट चिकटावं म्हणून खाली जेल. दिसायला आपल्या दुकानातल्या जेलसारखंच, फक्त त्यानं माणूस देखणा दिसत नाही. मग कानात यंत्र घालतात आणि त्यातून टिक टिक ऐकवतात. टिक, टिक, टिक, टिक, टिक, टिक, आणि मधेच एक जराशी लांब: टीऽक. पुन्हा टिक, टिक, टिक. समोर टीव्हीवर पेंग्विनांचा सिनेमा, आवाज बंद केलेला. माणसाला सांगतात, टिकटिकीकडे लक्ष देऊ नका, पेंग्विन बघा.

माणूस पेंग्विन बघतो. पण मेंदू आपला ऐकतच असतो. लांब टिक आली की तो तुम्हाला न विचारता दचकतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत दचकून पुन्हा शहाण्यासारखा बसतो. हे दचकणं इतकं बारीक असतं की एका वेळेला दिसतसुद्धा नाही, शेकडो वेळा ऐकवून, सगळ्यांची सरासरी काढली की मग एक छोटा खड्डा दिसतो रेषेत. आणि ज्यांना माझा आजार नुकता सुरू झालेला असतो, त्यांच्यात तो खड्डा सरासरीनं उथळ असतो. का उथळ, कधीपासून उथळ, पुढे काय होतं, हे शोधायचं काम या इमारतीत चाललंय.

माझा आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया. बघा, माईकवरून नाव घेतलं आणि कुणी उठून गेलं नाही. दाजीसुद्धा नाही. अर्थात, ताईनं त्यांचा शर्ट धरलाय.

तर बाईंचं काम काय? बाईंनी एकतीस वर्षं माणसांच्या डोक्यावर टोप्या घातल्या आणि काचेपलीकडे बसून टिकटिक ऐकवली. एकतीस वर्षं. मी परवा हिशेब करायला बसलो होतो की बाईंनी आजवर किती वेळा टिक वाजवली असेल, पण सातवीच्या गणितात तेवढे आकडे शिकवत नाहीत. बाईंचे यजमान इथं आहेत. त्यांनीच मला सांगितलं की त्यांच्या घरात भिंतीवर एकही घड्याळ नाही. लग्नात आलेली चार घड्याळं बाईंनी नातेवाइकांना वाटून टाकली. यजमान म्हणाले, "मला किती वाजले हे शेजाऱ्यांना विचारावं लागतं."

आता माझी गोष्ट. थोडक्यात सांगतो. म्हणजे प्रयत्न करतो.

माझा मूळ धंदा केस कापायचा. घर इथून दोन दिवसांच्या वाटेवर. आईनं मला ताईकडे पाठवलं ते या बोलीवर की दाजींच्या दुकानात मी हात बसवायचा. एका जागी बसवत नाही अशा पोराला हा धंदा चांगला, उभ्यानं करायचा असतो. दुकानात तीन खुर्च्या. पहिली दाजींची, दुसरी जुन्या कारागिराची, तिसरी माझी. हात चांगला होता माझा. हे मी म्हणत नाही, दाजींनी एकदा आईला फोनवर सांगितलं होतं, मी मोरीत आहे असं समजून.

मग एका दुपारी कात्रीच्या आवाजात कुणीतरी बोलायला लागलं. कच, कच, कच, आणि मधेच, "डावीकडे जास्त घेतलंस." मी मागं वळून बघितलं. कुणी नाही. पुन्हा कच, कच. "डावीकडे जास्त घेतलंस. बघतोय तो आरशातून." आणि खरोखर गिऱ्हाईक आरशातून बघत होता. आता गिऱ्हाईक आरशातून नाही बघणार तर कुठून बघणार, पण त्या वेळी मला वाटलं, हे सगळे मिळालेले आहेत. हळूहळू तो दिवसभर बोलायला लागला. स्वभावानं अगदी तपासनीस. कधी म्हणून कौतुकाचा शब्द नाही.

एके दिवशी एका गृहस्थाची दाढी करताना मी अर्ध्यावर थांबलो, वस्तरा खाली ठेवला आणि विचारलं, "काय म्हणालात तुम्ही?" ते काहीच म्हणाले नव्हते. मी म्हटलं, "म्हणालात. पुन्हा म्हणा." ते उठले आणि एका गालावर फेस घेऊन तसेच रस्त्यावर गेले. गळ्यातला आमचा टॉवेलही गेला. त्या गृहस्थांची मी इथून क्षमा मागतो. टॉवेल परत नाही केला तरी चालेल.

त्या दिवशी दाजींनी माझी कात्री आणि वस्तरा उचलून गल्ल्याखालच्या खणात ठेवला आणि किल्ली खिशात घातली. म्हणाले, "हे बघ, डॉक्टरांचा कागद आण. हा ठीक आहे, याच्या हातात कात्री द्यायला हरकत नाही, असं लिहिलेला. त्याच दिवशी खण उघडतो."

मला तेव्हा राग आला होता. आज सांगतो, दाजींचं चुकलं नव्हतं. लोक डोकं तुमच्या हवाली करून डोळे मिटतात, हा धंदाच तसा. पण कात्री गेली आणि मी काय राहिलो? तिसऱ्या खुर्चीवर टॉवेल रचले. मी ताईच्या स्वयंपाकघरात फेऱ्या मारायला लागलो. ताई म्हणायची, "अरे फरशी झिजेल."

मोठ्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. औषधानं मी महिनाभर झोपाळू आणि जाडा झालो, मग डॉक्टरांनी ते बदललं आणि तपासनीस जरा हळू बोलायला लागला. त्याच सुमाराला डॉक्टर म्हणाले, वर तिसऱ्या मजल्यावर अभ्यास चाललाय, तुमची इच्छा असेल तर भाग घ्या, नसेल तर नका घेऊ, उपचारात काही फरक पडणार नाही. कागदावर सगळं लिहिलेलं होतं, त्यांनी वाचूनही दाखवलं. मी फक्त एकच शब्द ऐकला. कागद. मी म्हटलं, कुठं सही करू?

पहिली वेळ बरी गेली. पेंग्विन पाहिले, जेल लागलं, घरी आलो. दुसरी वेळ दोन महिन्यांनी होती. आणि मधल्या काळात घोटाळा झाला. खाली बाकावर माझ्यासारखाच एक जण बसला होता, कॉलेज अर्धवट सोडलेला, फार हुशार. त्यानं मला सांगितलं, "लांब टिक आली की निरोगी माणसाचा मेंदू दचकतो. आपला नीट दचकत नाही. तिथंच पकडतात आपल्याला."

मी म्हटलं, एवढंच ना? दचकायचंच आहे ना? मी दचकतो की.

अध्यक्ष महोदय, मी तयारी केली. शाळेत कधी केली नाही एवढी. ताई कढईवर झारा वाजवायची, टण, टण, टण, टण, टण्ण, आणि लांब टण्ण आली की मी दचकायचो. रोज जेवणाआधी अर्धा तास. ताईला सांगितलं होतं की डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आहे. दोन दिवसांनी दाजी दारात उभे राहून बघायला लागले. ताईला म्हणाले, "हा बरा होतोय की वाढतोय?" ताई म्हणाली, "तुम्ही मधे बोलू नका, त्याचा नेम चुकतो."

पण खुर्चीवर बसून अंग हलवलं तर बाईंना कळणार. म्हणून मी एक युक्ती काढली. बाहेरून काही दिसू द्यायचं नाही, फक्त लांब टिक आली की दात घट्ट आवळायचे. आतल्या आत दचकायचं. मला वाटलं, मेंदूला लागूनच तर आहे जबडा, पोहोचेल तिथपर्यंत.

दुसऱ्या वेळी मी टोपी घालून बसलो. टिक, टिक, टिक, टिक, टीऽक, आणि मी आवळला जबडा. एकही लांब टिक सोडली नाही. पेंग्विनांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दहा मिनिटं झाली असतील, तर कानात बाईंचा आवाज आला, "खुर्चीतले गृहस्थ, जरा सैल बसा." मी आणखी जोरात आवळला. मग ते जाड दार उघडलं.

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"पेंग्विन बघतोय."

"पेंग्विन बघताना दातओठ कशाला खाताय?"

 बाईंनी मला टोपीसकट, तारा हातात गोळा करून, काचेपलीकडे नेलं आणि पडदा दाखवला. साध्या माणसाच्या रेषा पाण्यावरच्या तरंगांसारख्या असतात. माझ्या रेषा म्हणजे कुणीतरी रागानं वही गिरवावी तशा होत्या. लांब टिक, की गिरगोटा. लांब टिक, की गिरगोटा.

बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत एवढा निरोगी मेंदू मी पाहिला नाही. हा मेंदू नाही रे बाबा, हा तुझा जबडा आहे."

तुम्हीचं तू झालं ते त्या क्षणी, ते आजतागायत तसंच आहे.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कढई, झारा, खण, किल्ली. म्हटलं, "बाई, एक कागद द्या. ठीक आहे एवढंच लिहा. मला माझी कात्री परत पाहिजे."

बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "इथून कुणालाच कागद मिळत नाही. ही परीक्षा नाहीये. शंभर डोकी इकडची, शंभर डोकी तिकडची, तेव्हा कुठं फरक दिसतो. एकट्या माणसाबद्दल ही टोपी काहीही सांगू शकत नाही. मी स्वतः टोपी घालून बसले होते एकदा, यंत्र नवीन आलं तेव्हा. माझं दचकणं एवढुसं आलं. शोधून सापडेना. म्हणून घरी माझ्या हातातली विळी कुणी काढून घेतली नाही. भाजी अजून मीच चिरते."

यजमान मान हलवतायत. म्हणजे खरं आहे.

मी रडलो. खोटं कशाला बोलू? ज्याच्यासाठी मी रोज कढईसमोर दचकत होतो, तो कागद जगात नव्हताच. मी रडत होतो आणि काचेपलीकडे पेंग्विन एकामागून एक पाण्यात उड्या टाकत होते.

बाईंनी समजूत वगैरे काढली नाही. त्या म्हणाल्या, "चल, जेल वाळायच्या आत केस धुऊ." ही बाईंची पद्धत. बाकी ठिकाणी म्हणे लोकांना टॉवेल देऊन न्हाणीघर दाखवतात. बाई प्रत्येकाचं डोकं स्वतः धुवायच्या, आधी विचारून, कोमट पाण्यानं. त्यांच्या बोलण्यात रुग्ण हा शब्दच नाही. "आज चार डोकी आहेत," असं म्हणतात. त्यात दोन आजारी असतील, दोन बरी असतील. बाईंच्या मोरीत सगळी सारखीच ओली.

पण, बाई, आज सगळ्यांसमोर सांगतो, धुणं तुमचं वाईट होतं. माझ्या कानात पाणी गेलं. रडत असूनसुद्धा मी म्हटलं, "बाई, मान खाली नका दाबू, हाताचा आडोसा धरा कानाला." बाई म्हणाल्या, "रडतोयस की शिकवतोयस? एक काय ते कर."

मी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर बाकावर बसलो. पुढचं डोकं आलं. एक मुलगी, सोबत तिची आई. मुलीचे केस दाट आणि कुरळे, एवढे की टोपी त्यांच्यावर बसेना, तरंगायला लागली. दार उघडंच होतं. बटण कातडीला नीट टेकलं की पडद्यावर त्याचा ठिपका हिरवा होतो, नाहीतर लाल. चौसष्टच्या चौसष्ट लाल. बाई काडीनं केस बाजूला करतायत, जेल घालतायत, केस परत येऊन बसतायत. मुलगी तोंडानं काही म्हणत नव्हती, पण तिच्या हातात तिच्या ओढणीचा पार बोळा झाला होता. आई म्हणत होती, "राहू द्या ना, आम्ही परत कधीतरी येऊ." पाऊण तास मी हे बघितलं. पाऊण तास मी बसलो, याची नोंद घ्यावी. मग मला बसवेना.

मी दारात जाऊन म्हटलं, "बाई, तुम्ही भांग केसांच्या वळणाविरुद्ध पाडताय."

बाईंनी वळून बघितलं. घामानं त्यांचा चष्मा नाकावर उतरला होता. म्हणाल्या, "मग तू पाड."

आणि त्यांनी मला कंगवा दिला. बारीक शेपटीचा. चार महिन्यांनी माझ्या हातात धंद्याची वस्तू आली. मी मुलीला विचारलं, "हात लावू का?" ती म्हणाली, "दुखेल का?" मी म्हटलं, "दुखलं तर मला कानफटात मार, बाई साक्षीदार आहेत." ती हसली. मी टोपी काढली, भोवऱ्यापासून केस सोडवले, बारीक ओळी पाडल्या, चिमटे लावले, टोपी मागून पुढे चढवली आणि शेपटीनं एकेका भोकातून कातडी मोकळी केली. एक ठिपका हिरवा. दुसरा हिरवा. दहा हिरवे. वीस मिनिटांत सगळा पडदा हिरवा. तपासनीस त्या वीस मिनिटांत काही बोलला का, मला आठवत नाही. मुलगी म्हणाली, "तुम्ही ओढत नाही केस."

बाई म्हणाल्या, "मंगळवारी आणि शुक्रवारी मोकळा असतोस का?"

मी म्हटलं, "मी सगळेच वार मोकळा असतो."

अशी माझी नेमणूक झाली. कागदपत्रं संचालकसाहेबांनी नंतर केली, त्याबद्दल त्यांचे आभार. सोळा महिने मी इथं भांग पाडले, टोप्या धुतल्या, डोकी धुतली. किती जणांचे कान कोरडे ठेवले, ते या सभागृहात बसलेच आहेत. तपासनीस अजून येतो अधूनमधून. गोळी चालू आहे, डॉक्टरांकडे जातो, झोप सांभाळतो. तो आला की मी त्याला बसायला सांगतो आणि माझं काम करतो.

पण गल्ल्याखालचा खण बंदच होता. दाजी बोलायचे, हसायचे, जेवताना माझ्या ताटात वाढायचे. खणाचा विषय निघाला की म्हणायचे, "कागद?" आणि कागद तर नव्हताच. मी विषय काढायचं सोडून दिलं.

आता शेवटचे दोन कागद राहिले, साहेब. घड्याळ बघू नका. बाईंच्या समारंभात घड्याळ बघणं बरं दिसत नाही.

गेल्या रविवारी दुकान भरलेलं होतं. मी मागं टॉवेल पिळत होतो. दार उघडलं आणि बाई आत आल्या. आमच्या दुकानात आजवर कधी कुणी बाई गिऱ्हाईक म्हणून आली नव्हती. तिन्ही बाकांवरची माणसं ताठ झाली. दुसऱ्या खुर्चीतल्या माणसानं फेसासकट नमस्कार केला.

बाई म्हणाल्या, "केस कापायचे आहेत."

दाजी म्हणाले, "बाई, इथं फक्त पुरुषांचे..."

"केसच आहेत ना माझेही?"

"बसा मग. हे झालं की मी घेतो."

"तुम्ही नको. त्याच्याकडून कापायचेत." आणि माझ्याकडे बोट.

 दाजी म्हणाले, "त्याच्याकडे कात्री नसते."

"मग मी बसते," बाई म्हणाल्या. तिसऱ्या खुर्चीवरचे टॉवेल त्यांनी उचलून माझ्या हातात दिले, बसल्या, आणि समोरचं जुनं मासिक उघडलं. ते मासिक मी दुकानात लागायच्या आधीचं आहे. बाईंनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

माणसाला गप्प बसवून ठेवायचं काम ज्यांनी एकतीस वर्षं केलं, त्यांच्याशी गप्प बसण्यात दाजी काय टिकणार? एक तास गेला. गिऱ्हाइकं कापून होत होती, पण घरी कुणी जाईना, सगळे बाकावर परत येऊन बसत होते. दाजींनी एकाच माणसाचे कल्ले तीनदा सारखे केले. सव्वा तासानं ते म्हणाले, "बाई, तुम्ही मोठ्या संस्थेतल्या. त्याचा काही कागद आणलाय का?"

बाईंनी मासिक मिटलं. म्हणाल्या, "कागद मिळत नाही. मी डोकं आणलंय. चालेल?"

दाजींनी खिशातून किल्ली काढली.

खण उघडला, आणि आता दाजी, तुम्ही खाली बघू नका, हे मी सांगणारच आहे. कात्री पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली होती. मी उघडली आणि ती हातात लोण्यासारखी चालली. गंज नाही, कुरकुर नाही. पात्यांवर ताजं तेल. वीस महिने कुलपात असलेल्या कात्रीला तेल कोण देत होतं? किल्ली तर एकच होती.

मी दाजींकडे बघितलं. दाजी त्या माणसाचे कल्ले चौथ्यांदा सारखे करायला लागले.

बाईंचे केस कंबरेपर्यंत. त्यांनी मानेपर्यंत हवे म्हणून सांगितलं, चष्मा काढला आणि डोळे मिटले. मी सुरू केलं. कच, कच, कच, कच. आणि तो आला. मला माहीतच होतं येणार, त्याचं गावच ते. "डावीकडे जास्त घेतोयस. बघतायत सगळे आरशातून." आणि या वेळी खरंच सगळे आरशातून बघत होते. माझा हात थांबला.

बाई डोळे न उघडता, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "काय म्हणतोय?"

"डावीकडे जास्त घेतोय, म्हणतो."

"घेतोयस का?"

मी वाकून दोन्ही बाजू बघितल्या. कंगवा लावून मापलं. "नाही," मी म्हटलं.

"मग चालू दे."

मी चालू दिलं. तो बोलत राहिला, मी कापत राहिलो. कधी गप्प झाला, कळलं नाही. झाल्यावर मानेवरचे केस ब्रशनं झाडले, मागून आरसा दाखवला. बाई म्हणाल्या, "हलकं वाटतंय." दाजींनी पुढे येऊन उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, आणि पहिल्या खुर्चीकडे परत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "तिसरी खुर्ची पुसून ठेव. उद्यापासून लागेल."

तर ही आजची केशरचना माझी आहे. तुम्ही मघापासून बघताय आणि विचार करताय की बाई अशा वेगळ्या कशा दिसतायत, त्याचं कारण मी आहे.

आभाराचं राहिलं. मोठ्या डॉक्टरांचे आभार, औषध बदलल्याबद्दल. संचालकसाहेबांचे आभार, पाच मिनिटांचा अर्थ मोठ्या मनानं घेतल्याबद्दल. ताईचे आभार, तिच्या कढईला अजून पोचे आहेत. दाजींचे आभार, कात्रीबद्दल नाही, तेलाबद्दल. आईला हे सगळं आज फोनवर सांगणार आहे, ती म्हणेल जेवलास का. बाईंच्या यजमानांना विनंती, आता एखादं घड्याळ घ्यायला हरकत नाही. आणि बाई, तुमचे आभार मी मानत नाही. तुम्ही माझ्या कानात पाणी घातलं होतंत.

आणि शेवटी चुकांचं. भाषणात चुका झाल्या असतील, त्या झाल्याच असणार. पण एक चूक मी नाव घेऊन कबूल करतो, कारण ती तुम्हाला दिसतेच आहे. बाईंच्या डाव्या कानामागे एक बट लांब राहिली आहे. डावीकडे जास्त जाऊ नये म्हणून मी इतका जपलो की तिथं कमीच घेतलं. आज सकाळी टोप्या धुताना मला ती दिसली. एवढे सगळे केस एका मापाचे, आणि मधेच ती एक लांब. मी जो दचकलो, तो जबडा न आवळता. कात्री खिशातच होती. म्हटलं, बाई, एक मिनिट थांबा, समारंभाआधी सरळ करतो.

बाई म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येते, तेव्हा काप. तिसरी खुर्ची मोकळी ठेव."

म्हणून आपणा सगळ्यांनाही माझी हीच विनंती आहे. माझ्या बोलण्यात जे काही जास्त लांबलं असेल, ते तेवढं पुढच्या महिन्यापर्यंत चालवून घ्या. नमस्कार.